तोख्तासिनला दार उघडायचं नाही

तोख्तासिन पाटावरच्या फळीवरून पलीकडे जायचा तेव्हा खालचं पाणी थबकून उभं राहायचं, आणि तो उतरला की मगच वाहायला लागायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला दर शुक्रवारी नवे जोडे लागायचे, हे मात्र मी पसरवलेलं. दर महिन्याला लागायचे. पण वजनात माझा हात नाही. ते काट्यावरचं आहे : एकशे एक्केचाळीस किलो.

हा आकडा शहरातल्या सर्जनने वाचला आणि कागद उलटा ठेवला. सोबतीला मी होतो.

"हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्यात," तो म्हणाला. "ऑपरेशन करावंच लागेल. पण एवढ्या वजनाला भूल दिली तर हे परत उठतील याची खात्री मी देणार नाही. एकशे अठ्ठावीसवर आणा. कापसाची वेचणी संपेपर्यंत. त्यापुढे हृदय थांबेल असं मला वाटत नाही."

"म्हणजे थांबणार नाही ना?" तोख्तासिनने आशेने विचारलं.

"म्हणजे तुमच्यासाठी थांबणार नाही," सर्जन म्हणाला.

परतीच्या बसमध्ये तोख्तासिन दोन सीटवर बसून हसत होता. "काय रे निशोन, मेंढीला कापायच्या आधी पुष्ट करतात. मला कापायच्या आधी वाळवतायत!"

मला हसू आलं नाही. मला मामासोली आठवत होता.

आम्ही एका वर्गातली अकरा पोरं. चाळीस वर्षं दर गुरुवारी आमची बैठक, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. ज्याची पाळी त्याने पलाव शिजवायचा, आणि आदल्यापेक्षा सरस. शेवटी यजमान आपल्या बोटांनी भाताचा मोठा घास करून पाहुण्याच्या तोंडात घालतो. तो घास कोणी नाकारत नाही. मागच्या वसंतात पाळी माझी होती. मामासोली म्हणाला, "बस रे, छातीत भरल्यासारखं होतंय." मी म्हटलं, "माझ्या हातचा एक." त्याने तोंड उघडलं. तो घास त्याने गिळला की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. आम्ही दहा राहिलो.

मोहल्ल्याच्या दवाखान्यात सनोबर नावाची नर्स आहे. वजन पंचेचाळीस किलो, त्यातले दहा नुसत्या आवाजाचे. तोख्तासिनचे कागद पाहून ती सरळ चहाखान्यात आली आणि आम्हा सगळ्यांसमोर उभी राहिली.

"एकट्याला घरात कोंडून गाजरं चारली तर काही होणार नाही," ती म्हणाली. "तो बाहेर पडला की डावीकडे तुम्ही खाताय, उजवीकडे तुम्ही खाताय. बारीक व्हायचं तर मोहल्ल्याने व्हायचं. सगळ्यांनी."

"मला कशाला ओढतेस?" एर्गाश म्हणाला. तो आमचा नानवाला, बैठकीतलाच. "मला काय झालंय?"

"एर्गाश अका, स्वतःचे जोडे शेवटचे कधी पाहिलेत तुम्ही?"

चहाखाना हसला. एर्गाशने खाली पाहिलं, पण मध्ये पोट होतं.

तर असं ठरलं : पलावात मेंढीच्या शेपटीची चरबी बंद. चहाबरोबरची खडीसाखर बंद. कोणी कोणाच्या तोंडात घास घालायचा नाही. रोज सकाळी सगळ्यांनी पाटाच्या काठाने गिरणीपर्यंत चालत जाऊन यायचं. आणि दर गुरुवारी कापसाची पोती तोलायच्या काट्यावर प्रत्येकाने उभं राहायचं. आकडा फळ्यावर, खडूने, नावासकट.

पहिले काही दिवस मजा आली. सत्तर माणसं सकाळी पाटाकाठी निघाली की कुत्र्यांना वाटायचं वरात आहे, तीही मागे लागायची. बायका आम्हाला पाहून दारातून ओरडायच्या, "अहो, जरा हळू! वाऱ्याने उडाल!" महिन्याभरात फळ्यावर माझे चार किलो उतरले, एर्गाशचे पाच. त्याने जोडे पाहिले आणि म्हणाला, हे माझे नव्हेतच.

तोख्तासिन मात्र एकशे त्रेचाळीस झाला.

पुढच्या गुरुवारी एकशे चव्वेचाळीस. सनोबरने काटा रिकामा करून पुन्हा तोलला. मग त्याला बाकावर बसवून पिंढरीत अंगठा रुतवला आणि थोडा वेळ पाहत राहिली.

"पाणी साठलं असतं तर खड्डा पडला असता," ती हळूच म्हणाली. "पाणी नाही. चरबीच आहे."

"पण मी याच्याबरोबर रोज चालते," तोख्तासिनची बायको ओयदिन म्हणाली. "घरात मी त्याला उकडलेल्या भाजीशिवाय काही देत नाही. शपथ घेते."

म्हाताऱ्या बायकांनी नजर लागली म्हणून त्याच्याभोवती धूप फिरवला. कोणी म्हणालं, आत काहीतरी वाढतंय. तोख्तासिनने विनोद करणं सोडलं. चालताना तो दर पन्नास पावलांवर तुतीच्या झाडाला धरून उभा राहायचा आणि आम्ही सगळे त्याच्याकडे न पाहण्याचं सोंग करायचो. त्याच्या घशातली शीळ मात्र सगळ्यांना ऐकू यायची.

आता माझं सांगतो. दर मंगळवारी दुपारी तो माझ्या दारात यायचा. काही मागायचा नाही. ओट्यावर बसायचा आणि माझ्या बायकोच्या तंदूरकडे बघत म्हणायचा, "तुझ्या खोसियतच्या हाताला काय वास आहे रे." घरी आलेल्या माणसासमोर रिकामं ताट कसं ठेवायचं? मी त्याला एक सामसा, तंदुरात भाजलेला मटणाचा समोसा, द्यायचो. बरं, दोन. मनात म्हणायचो, बिचाऱ्याला सगळे उपाशी मारतायत, आठवड्यातून एकदा माझ्याकडे दोन घास खाल्ले तर काय होतंय.

एका बुधवारी मी नान आणायला एर्गाशकडे गेलो, तर तोख्तासिन मागच्या दाराने मिशा पुसत बाहेर पडत होता.

"कोणाला सांगू नकोस," एर्गाशने माझी बाही धरली. "लोणी लावून दोन गरम नान. फक्त बुधवारी. सगळ्या मोहल्ल्याने त्या गरिबाला उपाशी ठेवलंय, निशोन. मी एकटाच आहे त्याला."

तसाच मी चहाखान्यात गेलो, चहावाल्याला कोपऱ्यात घेतलं. तो म्हणाला, शनिवारी, हलवा, थोडासा. मग मी सनोबरला बोलावलं.

संध्याकाळी सगळे जमले. तोख्तासिनला ओयदिनने घरी थांबवलं होतं. सनोबर म्हणाली, "त्याला कोणी कोणी खायला घातलंय? हात वर करा."

आधी माझा हात गेला. मग एर्गाशचा. मग चहावाल्याचा. मग एकेक करत बैठकीतल्या नऊच्या नऊ जणांचा. मागे भिंतीशी बायका उभ्या होत्या, त्यांच्यातल्या किती तरी जणींचे. इमाम साहेबांनी दाढी कुरवाळत अर्धा वर केला.

मग सनोबरने स्वतःचा हात वर केला.

"जर्दाळू," ती म्हणाली आणि रडायला लागली. "तपासायला आला की मूठभर. मला वाटलं, सुकामेवा आहे."

असं भय मी आयुष्यात पाहिलेलं नाही. कोणी शत्रू असता तर त्याला धरला असता. आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रत्येकाने एकट्याने, प्रेमाने त्याला मारायला घेतलं होतं. माझ्या बोटांना तेव्हा तूप लागलेलं नव्हतं, तरी मी ती कितीदा तरी झग्याला पुसली.

मागच्या गुरुवारी काट्यावर एकशे पंचेचाळीस भरले होते आणि वेचणी संपायला हातात होते आठ आठवडे.

"त्याला समोर बसवून नाही म्हणणं आपल्याला जमणार नाही," एर्गाश म्हणाला. "मला तरी नाही जमणार."

"मग समोर येऊ द्यायचं नाही," सनोबर म्हणाली. "तो आला की दार उघडायचं नाही. कोणीही नाही."

आमच्याकडे दाराला कडी असलीच तर ती वाऱ्यासाठी. पाहुणा दाराबाहेर उभा आणि यजमान आत, हे आमच्या आजोबांच्या आजोबांनीही ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोहाराकडच्या साऱ्या कड्या संपल्या. त्याने शेवटच्या तीन बैलगाडीच्या साखळीतून घडवल्या.

मंगळवार आला. खोसियतने तंदूर पेटवला नव्हता, पण भिंतींनाच वास. दुपारी दारावर थाप पडली. आम्ही दोघं आत, दारापासून चार पावलांवर.

"निशोन, मी आहे."

मी श्वास धरला.

"मला ठाऊक आहे तू आत आहेस. तुझे जोडे दिसतायत फटीतून. एर्गाशनेही उघडलं नाही. चहाखाना बंद. सगळा मोहल्ला मेला की काय?" तो हसला, मग खोकला. "बरं, खायला नको देऊस. पाणी तरी दे. पाण्याला सनोबरची परवानगी आहे ना?"

"अहो, पाणी," खोसियत पुटपुटली. मी मान हलवली. पाण्यासाठी दार उघडलं की तो आत येणार, आत आला की बसणार, बसला की मी उठून कपाट उघडणार. मला मी चांगला ठाऊक आहे.

बाहेर बराच वेळ नुसती शीळ ऐकू येत होती. मग त्याचा आवाज बदलला.

"मामासोलीला तेवढा आग्रह करून भरवलास. आणि मला दारात उभं ठेवतोस होय रे?"

खोसियतने माझा दंड पकडला. मी दाराला कपाळ टेकवलं. लाकूड थंड होतं. मला वाटलं, तो पलीकडून कपाळ टेकवून उभा असेल.

आणि मग धप्प असा आवाज झाला. त्यानंतर शीळही ऐकू येईना.

"उघडा! अहो, उघडा!" खोसियत ओरडली.

तो नाटकी माणूस आहे. शाळेत परीक्षेच्या दिवशी दोनदा बेशुद्ध पडला होता. नाटक असेल आणि मी उघडलं, तर मी त्याला भरवणार. नाटक नसेल आणि मी उघडलं नाही, तर... माझा हात कडीवर होता आणि मला तो माझा वाटत नव्हता.

मी कडी काढली, तेवढ्याच फटीतून बाहेर निसटलो आणि मागे हात घालून दार ओढून घेतलं. "आतून लाव!" मी खोसियतला ओरडलो. तिने लावली.

तो भिंतीला टेकून मातीत बसला होता. ओठ जांभळे. जिभेखाली गोळी ठेवून डोळे मिटलेले. नाटक नव्हतं. मी त्याच्या शेजारी मातीत बसलो आणि त्याची नाडी शोधत राहिलो. मला नाडी बघता येत नाही, पण हात धरायला तेवढं कारण पुरलं. पाण्यासाठी मी ओरडलो तेव्हा खोसियतने भिंतीवरून तांब्या दिला.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. "तुझं दार बंद झालं," तो म्हणाला. "तूही बाहेरच."

"हो."

"आता काय करायचं?"

"पुढचं दार बघू," मी म्हणालो. "उघडतं का."

अर्ध्या तासाने आम्ही उठलो. पुढच्या दारानेही आम्हाला आत घेतलं नाही. पण आतला माणूस माझ्यासारखाच बाहेर निसटला आणि दार ओढून घेऊन आमच्याबरोबर चालू लागला. त्याच्या पुढचाही. एर्गाश तर हाताला पीठ तसंच ठेवून आला. गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा दहाच्या दहा आम्ही रस्त्यावर होतो, आणि मोहल्ल्यात आम्हाला आत घेणारं एकही दार नव्हतं. बायकांनी ठरवून टाकलं होतं : अंधार पडेपर्यंत कोणाचंच नाही.

आठ आठवडे आम्ही असे दारोदार हिंडलो. दारं वाजवायची, शिव्या खायच्या, पुढे जायचं. दर पन्नास पावलांवर थांबणारा तोख्तासिन आधी शंभरावर थांबू लागला, मग गिरणीशी. दोनदा तो पाटाकाठी बसला आणि आम्हाला वाटलं, संपलं. तिसऱ्यांदा एर्गाश बसला.

वेचणी संपली त्या आठवड्यात शहरातल्या काट्यावर तोख्तासिन उभा राहिला. काटा एकशे एकोणतीसवर थांबला. सर्जनने बराच वेळ काट्याकडे पाहिलं, मग दाराशी दाटीवाटीने उभ्या असलेल्या नऊ म्हाताऱ्यांकडे.

"झगा काढा," तो तोख्तासिनला म्हणाला.

कापसाचा जाड झगा होता. काटा एकशे अठ्ठावीसच्या जरासा खाली आला.

"उद्या सकाळी आठला," सर्जन म्हणाला.

सकाळी त्याला आत नेलं तेव्हा त्याने कोणाकडे पाहिलं नाही. आम्ही नऊ जण लांब बाकावर बसलो. तिथल्या नर्सने किटलीभर चहा आणि ताजे नान आणून ठेवले, खा म्हणाली, वेळ लागेल. नानातून वाफ येत होती. दहा वाजले, मग अकरा. वाफ गेली. कोणाचाही हात ताटाकडे गेला नाही, आणि आतून अजून कोणी आलं नव्हतं.