सेइबिताला उरलेली दोन गावं

बारियास साहेब आज भेटणार नाहीत, असं कचेरीतल्या मुलीने सांगितलं तेव्हा मातालने विचारलं, "आलेच नाहीत, की येऊन गेले?"

"बैठकीला गेलेत."

"कसली बैठक?"

मुलगी जरा घुटमळली. "परतणाऱ्या लोकांच्या प्रश्नाची."

"अगं बाई, मग परतणारे लोक इथे बाकावर बसलेत की!"

मुलगी हसली. हसण्यापलीकडे तिच्याही हातात काही नव्हतं. मातालने झोळी खांद्याला अडकवली आणि कोबानच्या बसस्टँडची वाट धरली. तिच्या आत नुसता जाळ झाला होता.

यादवी संपली होती. राजधानीत तहावर सह्या झाल्या, चर्चच्या घंटा वाजल्या, रेडिओवर भाषणं झाली. लढाई ऐन भरात असताना सैन्याने सेइबिता गाव जाळलं होतं. वाचलेली कान्होबाल जमातीची माणसं तेव्हा जंगल तुडवत सीमेपलीकडे मेक्सिकोत पळाली आणि कांपेचेच्या छावणीत राहिली. तिथे जन्मलेल्या पोरांना आता मिसरूड फुटलं होतं. या सगळ्यांना गावी परतायचं होतं. सरकारशी बोलायला, वाट मोकळी करायला त्यांनी मातालला पुढे पाठवलं. तिचं स्पॅनिश चांगलं होतं. नवरा पळतानाच तापाने गेलेला, मागे मूलबाळ नव्हतं. शिवाय "हिला तोंड आहे," असं नवऱ्याचे चुलते अन्तिलकाका भर सभेत म्हणाले होते.

तोंड होतं हो, पण ऐकणारा माणूस समोर सापडेल तर ना.

घोडं एकाच जागी अडलं होतं. गाव ओस पडल्यावर सैन्याने तिथे दुसरीच माणसं आणून वसवली होती. सरकार म्हणत होतं, त्यांना नवी जमीन देऊ, ते उठतील, मग तुम्ही या. ही नवी जमीन कुठे आहे, कशी आहे, असं विचारलं की बारियास साहेब म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात." असे पुढचे आठवडे येत राहिले आणि कांपेचेहून निरोप येत राहिले: झालं का? अजून नाही? मग तू तिथे करतेस तरी काय?

सेइबितात ती पहिल्यांदा गेली ती भांडायच्या तयारीनेच. वाटभर मनात शिव्यांची उजळणी केली होती. अन्तिलकाकांच्या जागेवर फळ्यांचं, पत्र्याचं घर उभं होतं. मागे काकांनी लावलेला वेलदोडा होता, निगुतीने राखलेला, बुडाशी पालापाचोळा घातलेला. ते बघून तिला आणखीच राग आला. रान माजलेलं असतं तर बरं झालं असतं. दारात केक्ची जमातीचा एक ठेंगणा माणूस उभा होता. त्याचं नाव सेबास्तियान चोक, आणि तिथल्या सगळ्या नव्या वस्तीचा तो पुढारी.

"बसा," तो म्हणाला. "शिव्या कॉफीच्या आधी देणार की नंतर?"

ती बसली. त्याच्या बायकोने, रोसेन्दाने, न बोलता कॉफी आणून ठेवली.

"बाई, आम्ही चोर नाही," सेबास्तियान सांगू लागला. त्याचं स्पॅनिश मोडकं होतं, शब्द शोधत बोलायचा. "माझा आजा, बाप, मी, सगळे कॉफीच्या मळ्यात जन्मलो. जमीन मळेवाल्याची, झोपडी मळेवाल्याची. एक दिवस सैन्याचा ट्रक आला. चला म्हणाले, मोकळी जमीन आहे. येऊन बघतो तर अंगणात भांडी पडलेली, कोंबड्या हिंडताहेत. मला काय समजलं नाही? समजलं. पण तोवर ट्रक निघून गेला होता."

"मग चालत परत जायचं होतंत."

"कुठे?"

मातालने कॉफीचा घोट घेतला. कॉफी चांगली होती, हेही तिला त्या क्षणी आवडलं नाही.

"जागा दाखवा," तो म्हणाला. "बरी असली तर मी स्वतः घर उतरवून नेतो. पण न बघता उठणार नाही. एकदा न बघता ट्रकमध्ये चढलो, तेवढं पुरे."

बारियास साहेबांनी जमीन दाखवायला गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. गाडी आली नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा आली नाही. शेवटी दोघंच निघाली, आधी होडीने, मग पायी. चिखल असा की एक बूट उपसावा तर दुसरा रुतावा.

"सरकारने जमीन चांगली निवडली," सेबास्तियान म्हणाला. "इथे कुणी कुणाला हाकलायला यायचंच नाही."

"आधी बघा तरी. नावं काय ठेवताय?"

ओढा ओलांडून वर चढली तर समोर धूर दिसला. मक्याचं उभं शेत होतं, केळी होत्या, झावळ्यांनी शाकारलेली घरं होती. दोरीवर कपडे वाळत होते. एक म्हातारी हातात कोयता घेऊन पुढे आली.

"कोण तुम्ही? जमीन बघायला आलात?"

सेबास्तियानने डोक्यावरची टोपी काढली.

"तुमच्याआधी एक साहेब येऊन गेलाय. बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडावर उभा राहिला होता. त्यालाही मी सांगितलं, आम्ही इथे आहोत म्हणून. सैन्याच्या भीतीने सारी लढाई जंगलात काढली. पोरांची तोंडं दाबून धरायचो, रडण्याचा आवाज जाऊ नये म्हणून. आता कुठे बाहेर येऊन मका पेरलाय. लिहून घेतो म्हणाला."

मातालच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे साहेबांना माहीत होतं. इतके दिवस 'पुढचा आठवडा, पुढचा आठवडा' करत तोंडाला पानं पुसत होते, आणि त्यांना सगळं माहीत होतं.

म्हातारीने दोघांना केळी दिली. एवढं चालून आलात, उपाशी कशाला जाता म्हणाली.

परतीच्या वाटेवर सेबास्तियानला हसू फुटलं. आवरेनाच. ओढ्याकाठी पोट धरून खाली बसला. "बाई, आता या म्हातारीला कुठे पाठवायचं? आणि तिच्यासाठी कुणाला उठवायचं? असंच करत करत समुद्रापर्यंत पोचू आपण!"

"गप्प बसा हो!" माताल ओरडली. "हसताय काय? तिकडे माझी माणसं बोचकी बांधून बसलीत!" आणि मग तीच चिखलात फतकल मारून रडू लागली. दुःखापेक्षा संतापानेच. सेबास्तियान हसायचा थांबला. त्याने एक केळं सोलून तिच्यापुढे धरलं. तिने ते ओढ्यात भिरकावलं.

तालुक्याच्या गावी पोचल्यावर तिने छावणीला फोन लावला. अन्तिलकाका फोनवर आले.

"काका, आत्ता येऊ नका. जरा थांबा."

"थांबा?" काकांचा आवाज चढला. "अगं, कोंबड्या विकल्या. छपराचे पत्रे उतरवून बांधून ठेवलेत. छपराशिवाय झोपतोय आम्ही! बसगाड्या ठरल्या."

"तिथे माणसं राहताहेत काका. त्यांना जायला जागा नाही."

"मग तू इतके दिवस काय झोपा काढत होतीस?"

फोन तुटला. की त्यांनी ठेवला, कोण जाणे.

बसगाड्या आल्या. पहिलीच्या टपावर लाकडी पट्ट्यांचा वाजवायचा मारिंबा बांधलेला, खिडक्यांतून माणसं अर्धी बाहेर लोंबत होती, गात होती, बायका डोळे पुसत होत्या. गावाच्या वळणावर गाणं थांबलं. कुंपणाशी केक्ची पुरुष ओळीने उभे होते. कुणाचा कोयता उगारलेला नव्हता, पण प्रत्येकाच्या हातात होता. बसमधून उतरणाऱ्यांनीही आपापले कोयते सामानातून काढले. मधल्या रस्त्यावर माताल एकटी उभी होती.

"कोयते खाली करा!" ती आधी कान्होबालमध्ये ओरडली, मग स्पॅनिशमध्ये. "सगळ्यांनी!"

अन्तिलकाका काठी टेकत पुढे आले. "तू कुणाच्या बाजूची गं? यांच्या घरी कॉफी पितेस म्हणे!"

"पिते. तुम्हीही प्या, चांगली करतात."

काका जमिनीवर थुंकले. भांडण तिथेच पेटलं असतं, पण पोरं दिवसभराच्या प्रवासाने कावली होती, म्हाताऱ्यांना उभं राहवत नव्हतं. परतलेल्या माणसांनी फुटबॉलच्या मैदानावर प्लास्टिक ताणलं आणि आपल्याच गावात निर्वासितासारखा मुक्काम टाकला. मातालशी कुणी धड बोलेना. पाणी आणायला गेली तर बायका बाजूला सरायच्या. ज्यांच्यासाठी चपला झिजवल्या त्यांनीच असं वागावं, हे तिच्या फार जिव्हारी लागलं.

दोन्ही बाजूंना दिवसरात्र पहारे बसले. कुणाचं डुक्कर कुणाच्या मक्यात शिरलं आणि डोकी फुटायची वेळ आली. अशात निरोप आला, की बारियास साहेब स्वागत समारंभाला येणार आहेत, बरोबर टीव्हीवाले असतील. माताल तशीच उठून सेबास्तियानच्या दारात गेली.

"तो येणार, फोटो काढणार आणि जाणार. मग इथे उरणार कोण? तुमचे कोयते आणि आमचे."

सेबास्तियानने हनुवटी खाजवली. "मग त्याला जाऊच द्यायला नको."

साहेब आले. माणूस गोरागोमटा, घामाघूम झालेला, मफलरएवढा रुमाल सारखा मानेवर फिरवत होता. मायदेशी परतलेल्या बांधवांचं त्यांनी स्वागत केलं. टीव्हीवाल्यांची गाडी पुढे गेली. साहेबांची गाडी वळणावर आली तर रस्त्यात झाडाचा बुंधा आडवा. बुंध्याच्या अलीकडे सेबास्तियान आणि त्याची माणसं, पलीकडे माताल आणि तिची.

"हे काय चाललंय? हा गुन्हा आहे, माहीत आहे?" साहेब म्हणाले.

"माहीत आहे," माताल म्हणाली. "ती ओढ्यापलीकडची जमीन मोकळी नाही, हे तुम्हाला माहीत होतं तसंच."

साहेब गडबडले. मग त्यांचा बांधच फुटला. "मी काय करू, बाई? वर कळवलं होतं मी! वरचा माणूस सारखा बदलतो. नवा येतो, म्हणतो फाइल पुन्हा पाठवा. मला काय, तुमचे हाल बघून आनंद होतो?"

"आनंदाचं राहू द्या. रेडिओ आहे ना गाडीत? बोला वर. जमीन मिळेपर्यंत तुम्ही आमचे पाहुणे."

पाहुण्यांना मैदानात प्लास्टिकखाली जागा मिळाली. सकाळी रोसेन्दा त्यांना घेवडा द्यायची, संध्याकाळी कान्होबाल बायका मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाल द्यायच्या. तिखट कुणाचं जास्त यावरून दोन्हीकडच्या बायकांत पहिल्यांदा बोलणं झालं, आणि साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आल्यावर पहिल्यांदा एकत्र हसूही. डासांनी साहेबांचं तोंड सुजवलं. रेडिओवर आधी ते अदबीने बोलत होते. मग एका दुपारी ओरडू लागले, "अहो, मी इथे मरेन! समजतंय का तुम्हाला?" ते ऐकून मातालला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली, पण थोडीच.

अखेर हेलिकॉप्टरमधून वरचा माणूस आला. दक्षिणेकडचा एक पडीक मळा सरकार विकत घेणार, केक्ची माणसं आधी तो बघणार, आणि उभा मका काढून मगच हलणार, असं ठरलं. सगळ्यांदेखत ठरलं. साहेब जाताना मातालला म्हणाले, "माझी नोकरी गेली, बाई." ती म्हणाली, "मग आता निवांत भेटाल." पण तिला तोंडात कडवट लागलं. आलेला नवा साहेबही पुढच्या आठवड्याचाच निघाला. एक पीक निघालं, दुसरं निघालं, तरी मळ्याचा व्यवहार होईना. दोन गावं एकाच विहिरीवर भांडत राहिली.

एकदाचा व्यवहार झाला. ट्रक आले, तेव्हा सेबास्तियानने बोलल्याप्रमाणे घर उतरवलं. फळी न फळी सुटी करून ट्रकमध्ये रचली. अन्तिलकाका काठीवर हनुवटी टेकून सारं बघत होते. मधला खांब निघाला तसे पुढे झाले.

"तो माझा आहे. चिकूच्या लाकडाचा. माझ्या घराचा, जळून उरलेला."

"काका, तो मला झुडपात पडलेला मिळाला. मी तासला. एवढी वर्षं माझं छप्पर त्याने धरलं."

"माझ्या बापाने तोडलेलं झाड आहे ते!"

दोघे खांबाची दोन टोकं धरून उभे. आजूबाजूला माणसं जमू लागली. मातालच्या डोक्यावरून पाणी गेलं.

"करवत आणा!" ती ओरडली. "कापते मधोमध. अर्धा तुमचा, अर्धा त्यांचा. दोघांचंही छप्पर पडू दे डोक्यावर! माझ्या आयुष्याची माती केलीत तुम्ही सगळ्यांनी मिळून, आणि आता लाकडावरून भांडताय?"

सेबास्तियानने आपलं टोक खाली ठेवलं. "घ्या काका. तिकडे झाडं असतील." त्याने हात पँटला पुसले आणि मातालकडे न बघता ट्रकमध्ये चढला. रोसेन्दा खाली उतरून आली, वेलदोड्याच्या बोंडांची पुरचुंडी तिच्या हातात कोंबली आणि परत गेली.

ट्रक वळणाआड गेले. अन्तिलकाका खांबावर बसून राहिले. "फार स्वस्तात सोडलंस गं त्याला," ते पुटपुटले.

मातालने पुरचुंडी झोळीत टाकली. तिच्या स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर एक केक्ची विधवा चार लेकरांना घेऊन अजून राहत होती. ती मागाहून आलेली, म्हणून नव्या मळ्यात तिला वाटा नव्हता. याबद्दल बोलायला नव्या साहेबांनी मातालला सोमवारी बोलावलं होतं. ती जाणार नव्हती. तिने त्या बाईशी परस्परच ठरवलं होतं, ओढ्याकडची बाजू तुझी, रस्त्याकडची माझी. रस्त्याकडे दगड फार होते. कोयता घेऊन माताल तण काढायला गेली, कारण पेरणीला आधीच उशीर झाला होता.