दोन दिव्यांचा हुकूम

साहेब, ज्या बटणाचा अर्थ तुम्हाला ठाऊक नव्हता, ते दाबायची तुम्ही सक्ती केलीत. विचारायची तसदी घेतली नाहीत. बर्फ पडत असेल तर डॅशबोर्डवरचे बर्फाचे दोन्ही दिवे पेटल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असं एका ओळीत फर्मावलंत आणि मोकळे झालात. पुढचं निस्तरायला आरोग्य केंद्राच्या फिरत्या नर्स होत्याच.

त्यातल्याच एका नर्सबाईंची ही गोष्ट.

बाईंनी हिवाळाभर तो हुकूम निमूट पाळला. केंद्राच्या ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या शेजारी दोन बटणं होती. एकावर बर्फाच्या फुलाचं चित्र, तो स्नो मोड. दुसऱ्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र, मागे दोन नागमोडी रेघा, तो ट्रॅक्शन कंट्रोल. दोन्ही दाबली की डॅशबोर्डवर दोन दिवे लागायचे. फाटकावरचा पहारेकरी काचेतून डोकावून दिवे बघायचा, मान डोलवायचा आणि बाई आपल्या फेरीला निघायच्या.

मग एका सकाळी, म्हाताऱ्या सुताराच्या घराकडे जाणाऱ्या चढावर, गाडीचं एक चाक गोठलेल्या पाण्यावर जागच्या जागी गरगरायला लागलं. दुसरं ढिम्म. गाडी मागे घसरत आली आणि कोणाच्या तरी कुंपणाच्या खांबाला जाऊन बसली. माणसाला खरचटलंही नाही. खांब वाकला, गाडीचा मागचा दिवा फुटला आणि बाईंकडून किल्ली काढून घेतली गेली. चौकशी होईपर्यंत कोठारात बसायचं आणि पट्ट्यांची खोकी लावायची. चौकशीत दोष बाईंचा निघाला तर फेरी कायमची बंद.

फेरी म्हणजे बाईंचा जीव. सुताराच्या पायाची जखम त्यांनी उन्हाळ्यापासून भरत आणली होती. आता तिथे बदलीवर कोणीतरी जाणार, घाईघाईने पट्टी ओढणार, आणि म्हातारा ओरडायचाही नाही, कारण तो स्वभावानेच मुखदुर्बळ.

घरी नणंदेने सगळं ऐकून घेतलं. नणंद वरच्या मजल्यावर राहायची, पडदे शिवायची, आणि तिच्या तोंडाला कात्रीपेक्षा जास्त धार होती. तिने भावजयीला धीरबीर काही दिला नाही. तिने एवढंच विचारलं की दोन्ही बटणं बर्फासाठीच आहेत, तर मग बटणं दोन कशाला ठेवली?

बाई इतके दिवस ती दाबत होत्या, पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. त्याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग कुतूहल आलं. ते एकदा आलं की बाईंना स्वस्थ बसवत नसे.

नणंदेची गाडी त्याच बनावटीची होती. सुटीच्या दिवशी दुपारी दोघी बंद बाजारामागच्या मोकळ्या पटांगणात गेल्या. तिथे बर्फ चांगला दाबून कडक झालेला. बाई स्टिअरिंगवर बसल्या, आणि नणंद बाहेर उभी राहून टायरकडे टक लावून बघायला लागली.

आधी कोणतंच बटण न दाबता बाईंनी अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला. चाक गरगरलं, पण क्षणभरच. खालून खरखर आवाज आला, इंजिनाने आपण होऊन दम आवरला, चाकाला पकड मिळाली आणि गाडी पुढे सरकली. आणि त्याच वेळी नागमोडी रेघांचा दिवा लुकलुकला.

बाई चक्रावल्या. बटण दाबलेलं नसताना दिवा कसा लुकलुकला? त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. मग त्यांनी ते बटण दाबलं. दिवा आता स्थिर पेटला. पाय दाबला, तर चाक मोकाट सुटलं आणि बर्फाचा सगळा चिखल नणंदेच्या कोटावर.

नणंद कोट झटकत खिडकीशी आली. "अगं वहिनी, हे आमच्या दादासारखंच आहे," ती म्हणाली. "गप्प असला म्हणजे लक्ष आहे, डोळे मिचकावतो तेव्हा काम करतोय, आणि डोळे टक्क उघडे ठेवून बसला की समजावं, झोपलाय."

बाईंना हसू फुटलं आणि मधेच विरलं. ट्रॅक्शन कंट्रोल आपला आपण चालूच असतो. बटण असतं ते त्याला बंद करायला. हुकमाबरहुकूम त्या हिवाळाभर ते बंद करून चढ चढत होत्या.

मग स्नो मोडची पाळी. ते बटण दाबल्यावर गाडीच आळसावली. पाय तेवढाच दाबला तरी इंजिन सावकाश उठत होतं, आणि गाडी पहिला गिअर सोडून थेट दुसऱ्यातच निघत होती. चाकाला झटका बसत नव्हता, म्हणून ते गरगरायला लागतच नव्हतं. नणंदेला ते शिवणयंत्रावरून उमजलं. पायडल हळू दाबणं वेगळं आणि धागा गुंतल्यावर यंत्र आवरणं वेगळं, असं तिचं म्हणणं पडलं. स्नो मोड चाक घसरू नये म्हणून आधीपासून जपतो. ट्रॅक्शन कंट्रोल चाक घसरल्यावर त्याला पकडतो, आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जाऊ देतो.

बाईंचं अजून समाधान झालं नव्हतं. बंद करायचं बटण मुळात दिलंच कशाला? त्या मुद्दाम कडेच्या भुसभुशीत ढिगात शिरल्या आणि अडकल्या. चाक जरा फिरलं की ट्रॅक्शन कंट्रोल त्याचा गळा धरायचा, गाडी हलेना. तो बंद केला, गाडी जरा पुढे, जरा मागे अशी झुलवली, आणि सुटल्या. म्हणजे बटण ठेवणारा वेडा नव्हता. परत येताना त्यांनी ब्रेक जोरात दाबून बघितला, तर थांबवण्याच्या कामी दोघांपैकी एकही उपयोगाला आला नाही. गाडी सरळ नणंदेच्या दिशेने सरकत गेली आणि नणंदेला आयुष्यात पहिल्यांदा पळावं लागलं.

चौकशीच्या दिवशी बाईंनी हे सगळं हुकूम काढणाऱ्या त्याच साहेबांना सांगितलं. साहेब काही मठ्ठ नव्हते. ते उठले, जिने उतरले, आवारातल्या एका गाडीत स्वतः जाऊन बसले, दोन्ही बटणं दाबून बर्फावर चाकं गरगरवून आले. वर आले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थंडीने असेल.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि बाईंच्या बाजूला सरकवली. उद्यापासून फेरी तुमचीच, म्हणाले. फक्त जबाबात असं लिहून द्या की घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं. हुकमाचं काय ते आपण उन्हाळ्यात सावकाश बघू, उगाच आत्ता गाजावाजा नको.

किल्ली हाताच्या अंतरावर होती. बाईंना सुताराचा पाय आठवला. हात पुढे झालाही होता.

खिडकीबाहेर बर्फ पुन्हा पडायला लागला होता. खाली फाटकापाशी दुसरी एक नर्स गाडीत बसलेली दिसली. कोवळी पोर, याच महिन्यात रुजू झालेली. पहारेकरी तिच्या काचेतून आत डोकावत होता.

बाईंनी हात मागे घेतला.

"किल्ली मला हवीय, साहेब. पण मी घाईत काही दाबलं नाही, तुम्ही सांगितलंत तेच दाबलं. ती खालची पोरही तेच दाबून चढावर निघालीय. त्या पहारेकऱ्याला आत्ता तुम्ही फोन करताय, की मी खाली जाऊन फाटक अडवू? बोला."