आयरीनसाठी एकोणऐंशी टोल

"बावीस," व्हर्ना मोठ्यानं म्हणाली आणि तिनं दोर खेचला. डोक्यावर घंटा घणाणली.

टॉड हॅस्केल धापा टाकत मनोऱ्याचा जिना चढून आला. कॉलेजच्या सगळ्या इमारतींचा कारभार त्याच्याकडे.

"व्हर्ना, काय चाललंय हे? कोण गेलं?"

"आयरीन गेली. पहाटे. तेवीस."

"कोण आयरीन?"

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण आयरीन म्हणे! एक्केचाळीस वर्षं मेसमध्ये रांधलं त्या बाईनं, आणि हा गडीही चार वर्षं तिच्याच हातचं खाऊन पदवीधर झालेला.

"शुक्रवारी जर्दाळूचे पाव कोण वाढायचं तुला? दोन घे म्हटलं की चार उचलायचास! चोवीस."

टॉडचा चेहरा उतरला. "ती आयरीन? अरेरे! पण व्हर्ना, ही घंटा फक्त..."

"प्राध्यापकांसाठी. ठाऊक आहे. पंचवीस."

ठाऊक नसायला काय झालं? दीडशे वर्षांपूर्वी ही घंटा सिनसिनाटीहून नावेतून आली, पुढे बैलगाडीतून टेकडीवर चढली, आणि तिच्याभोवती एल्डनबर्ग गाव वसलं. चौकात संस्थापकाचा पुतळा, परीक्षेआधी पोरं त्याच्या बुटाचं टोक घासून घासून चकचकीत करतात. पण गावाचा खरा कान असतो मनोऱ्याकडे. प्राध्यापक वारला की वयाइतके टोल. न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबतो, सगळं गाव मोजायला लागतं आणि आकड्यावरून माणूस ओळखतं. ही इमारत झाडणं आणि हा दोर ओढणं, व्हर्नाचं एकोणीस वर्षांचं काम. जन्मात कधी तिला ‘गुड मॉर्निंग’ न म्हणालेल्या एका प्राध्यापकासाठीही तिनं एक्क्याऐंशी टोल दिले होते. तिचे तळहात सोलवटून निघाले, तेव्हा त्यांवर आयरीननं लोणी चोळलं होतं. आज परवानगी मागितली असती तर नाहीच म्हणाले असते, म्हणून व्हर्नानं ती मागितलीच नाही.

"ताबडतोब थांबवा," टॉड म्हणाला. "नाहीतर नोकरी जाईल. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमची, कशाला हा हट्ट?" आणि त्यानं दोराला हात घातला.

"थांबू? एकतीस झालेत. गणिताच्या नव्या बाई एकतीस वर्षांच्याच आहेत. त्यांची आई खाली बाजारात उभी असेल मोजत. सांग, थांबू?"

टॉडनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"बत्तीस," व्हर्ना म्हणाली.

मग टॉड पायरीवर बसला. पन्नासाव्या टोलानंतर व्हर्नाचे खांदे भरून आले, साठाव्यानंतर डोळे वाहायला लागले, पण आकडा चुकला नाही. जरा खुट्ट झालं तरी ती आवाज चढवून मोजायची. एकोणऐंशी म्हणून तिनं दोर सोडला.

ती दम खात असतानाच टॉडचा फोन वाजला. इतिहासाचे जुने प्राध्यापक विटलॉक, वय एकोणऐंशी, त्यांच्या बायकोचा आवाज व्हर्नालाही ऐकू आला. "अहो, शेजारीण सांत्वनाला केक घेऊन दारात रडतेय, आणि हे इथे माझ्यासमोर अंडी खातायत! झालंय तरी काय?"

टॉडनं फोनवर हात ठेवला. "काय सांगू आता?"

"खरं ते सांग." व्हर्नानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "घे. नोकरी तुझी, तुझ्यापाशी ठेव. मोजायचं होतं तेवढं मोजलं मी."

ती कठड्याला धरून जिना उतरू लागली. वरून टॉडचा आवाज येत होता. "प्राध्यापक ठीक आहेत हो. आयरीन गेली... मेसमधली आयरीन." पुन्हा फोन वाजला. "नाही, चूक नाही झालेली. मेसमधल्या आयरीन डुसेक."

व्हर्ना मधल्या मजल्यावर थांबली. तिसऱ्यांदा फोन वाजला.

"आयरीन डुसेक वारल्या," टॉड म्हणाला. या खेपेला त्यानं मेसचं नाव काढलं नाही.

ती उरलेल्या पायऱ्या उतरली.