पान एक्केचाळीस

मबरूकाच्या निबंधावर सी नौफलने लाल शाईत दोनच शब्द लिहिले होते: ‘पुरावा कुठे?’ खाली गुण, वीसपैकी सात. तेवीस वर्षं ओहोटीला चिखलात उतरून विळ्याने तिसऱ्यांचे शिंपले काढलेल्या बाईला हा प्रश्न, आणि विचारणारा कोण, तर ज्याच्या बुटाला कधी ओली वाळू लागली नाही असा बत्तीस वर्षांचा मास्तर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अक्षरं तिने छत्तिशीत गिरवली होती. गाबेस शहरातल्या संध्याकाळच्या या संस्थेत त्रेचाळिसाव्या वर्षी प्रवेश मिळाला होता. निबंधाचा विषय तिचाच होता: आपल्या आखातातल्या तिसऱ्या का आटल्या? आता गुरुवारपर्यंत तो पुन्हा लिहायचा. या वेळीही दहाच्या खाली गेलं तर नाव कमी, आणि पुन्हा प्रवेश नाही.

“‘तिसऱ्या बायकांनी नाही, तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी संपवल्या,’” सी नौफलने वाचून दाखवलं. “मुद्दा छान आहे. पण एका परिच्छेदात एक मुद्दा, त्याला पुरावा, आणि पुराव्यातून काय निघतं ते. तुमचा मुद्दाच चार वेळा आलाय, दर वेळी जास्त रागाने.”

“मी डोळ्यांनी बघितलंय.”

“लल्ला मबरूका,” तिच्या वयाचा मान राखत तो म्हणाला, “प्रत्येकाने आपले डोळे पुरावा म्हणून आणले तर मी तपासू काय? हा अहवाल घ्या. सतरा जणांनी यातलं पान एक्केचाळीस पुरावा म्हणून दिलंय. सगळे पास.”

आपल्या झारात गावाला परतणाऱ्या व्हॅनमध्ये तिने ते पान उघडलं. शेजारी वर्गातली इशराक सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. फ्रेंच शब्दांखाली बोट सरकवत मबरूका वाचू लागली, अडली तिथे इशराकने सांगितलं. तिसऱ्या घटण्याचं कारण वेचणाऱ्या बायकांचं अज्ञान, असं तिथे होतं. खाली एका बाईचा कबुलीजबाब: ‘आम्ही बारीकसुद्धा घेतो.’ आणि कंसात: झारात, वय ३५, निरक्षर, डाव्या अंगठ्याचं टोक विळ्याने तुटलेलं.

इशराकने मबरूकाच्या डाव्या हाताकडे पाहिलं. “मावशी, ही तूच.”

मीच, मबरूका मनात म्हणाली, आणि आठ वर्षांपूर्वीची दुपार तिच्यापुढे उभी राहिली. टोपीवाली परदेशी बाई, सोबत दुभाष्या. मबरूकाने त्यांना भट्टीतली तबूना रोटी आणि मिरच्यांचा हरिसा वाढला होता, बाईने दोनदा मागून घेतला होता. मबरूका तेव्हा म्हणाली होती, “‘आम्ही बारीकसुद्धा घेतो’ असं बाजारात बोलतात. खोटं आहे. बारीक आम्ही परत पुरतो.” आगा नाही, पिछा नाही, मधलं तेवढं कापून घेतलं. आणि त्या पानाच्या जोरावर किनाऱ्यावर वेचायला बंदी आली. जाळीवाले मात्र मोकळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

“खाल्ल्या रोटीलासुद्धा जागली नाही ती,” मबरूका म्हणाली.

“सी नौफलला सांग.”

“तो म्हणेल, छापलंय.”

आणि दुसऱ्या दिवशी तो तेच म्हणाला. चेहरा पडला होता त्याचा, पण हेका सुटला नव्हता. “छापलेलं खोडायचं तर छापलेलं दाखवा. राग पुराव्यात धरत नाहीत.”

घरी येऊन तिने चार पानं लिहिली. त्यात टोपीवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार होता. वाचताना बरं वाटलं. मग तिने ती टोपलीतल्या तिसऱ्यांसारखी निवडली, आणि चार पानांतून ठेवण्याजोगं एकच वाक्य उरलं: ‘झारातच्या बायका बारीक तिसऱ्या घेत नाहीत.’ जाळ्यांचं पुढच्या परिच्छेदात बघू. इथे एवढंच, पण एवढं तरी पक्कं.

पुराव्यासाठी ती अहवाल पुन्हा चाळायला लागली. पान त्रेचाळीसवर तिचा हात थांबला. वेचणाऱ्या बाईच्या गळ्याचा फोटो होता, दोऱ्यात लोखंडी कडी. खाली लिहिलं होतं: ‘स्थानिक स्त्रियांचा पारंपरिक दागिना.’

मबरूकाने गळ्यातली तीच कडी बाहेर काढली. दागिना म्हणे. आईने दिलेलं माप होतं ते. जी तिसरी कडीतून निसटते ती परत चिखलात पुरायची, झारातच्या पोरीसोरींनाही ठाऊक. त्या बाईने फोटो काढला, पण हे कशाला, एवढं विचारायला तिची जीभ उचलली नाही.

परिच्छेद नऊ ओळींचा झाला. मुद्दा. मग पान एक्केचाळीसवरचं वाक्य, जसंच्या तसं. मग पान त्रेचाळीसवरचा फोटो आणि कडी कशासाठी असते ते. शेवटी: ‘बारीक घ्यायचीच असती तर बायकांनी माप गळ्यात का बाळगलं असतं? पान एक्केचाळीसवरची बाई मीच. माझं वाक्य अर्धं छापलं आहे.’

गुरुवारी सी नौफलने ते उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. अहवाल उघडून दोन्ही पानं पडताळली. पंधरा गुण दिले आणि म्हणाला, “चुकलं माझं. असा परिच्छेद मला लिहिता आला नसता.”

झालं, नाव राहिलं. दुसरी कुणी असती तर सलाम करून व्हॅन पकडती. मबरूका हलली नाही.

“त्या सतरा जणांचं काय?”

“त्यांचे गुण देऊन झाले, लल्ला मबरूका. आता काय करणार?”

“म्हणजे मी खोटारडी नाही हे तुम्हाला आणि मला ठाऊक, आणि सतरा निबंधांत मी बारीक चोरणारी. उद्या त्यातलाच कुणी मास्तर होईल आणि हेच शिकवील.” तिने दोरा डोक्यावरून काढला आणि कडी त्याच्या टेबलावर ठेवली. “त्या टोपीवालीला कुणी विचारलं नव्हतं, पुरावा कुठे. तुम्ही विचारलंत, मला. त्यांना का नाही विचारलंत?”

सी नौफल उठला. मग कपाटातून त्या सतरा निबंधांचा गठ्ठा काढून त्याने पहिला उघडला. सोळा गुण होते. जिथे पान एक्केचाळीस दिलं होतं तिथे त्याने लाल शाईत लिहिलं: ‘पुरावा कुठे?’ सोळावर रेघ मारली आणि दुसरा घेतला.

झारातची शेवटची व्हॅन सुटून गेली. सतरावा होईपर्यंत मबरूका तिथेच उभी होती.