पिल्लाची माय

घरातलं माणूस बोलायचं बंद झालं की घराला अवकळा येते. पेडगावच्या सविताच्या घरात तसंच झालं होतं. सासू वारली, पाठोपाठ गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून सासऱ्यानं, चंद्रभाननं, शेळ्यांमागं जाणं सोडलं. तेव्हापासून म्हातारा ओसरीवर नुसता बसून. जेवा म्हटलं तर जेवायचा, निजा म्हटलं तर निजायचा. अन् एके दिवशी सविताच्या मोबाईलवर लॅब्राडोरच्या पिल्लाची जाहिरात आली. पिवळसर, गुबगुबीत पिल्लू. म्हातारा चक्क वाकून बघायला लागला.

"लय गोजिरवाणं हाय गं," तो म्हणाला.

कितीतरी महिन्यांनी आपणहून बोलला! झालं, सवितानं तिथल्या तिथं ठरवलं, हे घरात आणायचंच.

आता ही सविता काही ऐरीगैरी बाई नव्हे. शेळ्यांच्या बाबतीत आसपासच्या गावांत तिचा शब्द चालायचा. करडू घ्यायचं तर बाया तिला हाताला धरून बाजारात न्यायच्या. ती आधी करडाकडं बघायचीच नाही. "माय कुठंय?" हा तिचा पहिला सवाल. माय समोर आणा, तिची कास बघू, दात बघू, किती वेतं झाली ते सांगा. माय दाखवायची नसंल तर चला, पुढं व्हा! विकणारे तिला हात जोडायचे.

अन् या शहाण्या बाईनं पिल्लू कुठं घ्यावं? मानवतच्या एसटी स्टँडावर!

बबलू नावाचा विकणारा फोनवर म्हणाला, "घरी कशाला येता ताई, लांब पडंल. स्टँडावर या, मी घेऊन येतो." त्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिल्लू काढून तिच्या हातात दिलं. "दोन महिन्याचं हाय. सुया झाल्यात. एकदम असली चीज." सवितानं मायीचा विषयच काढला नाही. मोठ्या लोकांची चीज, आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं तिला वाटलं. पिल्लाचं तोंडसुद्धा उघडून बघितलं नाही. उलट भाव पाडला म्हणून खुशीत गाडीत बसली. अरे, शेळीला लावतो ती अक्कल कुत्र्याच्या पिल्लाला लावायला कुणी बंदी केली होती का?

म्हाताऱ्यानं पिल्लाचं नाव ठेवलं बादशा. बादशा त्याच्या कुशीत निजायचा, त्याचं बोट चोखायचा. चंद्रभान दिवसभर त्याच्याशी बोलायचा, अन् तोंड उघडलंच आहे म्हटल्यावर सुनेलाही हाका मारायचा, "सविता, बादशाचं दूध कोमट कर गं!" सविता चुलीपाशी बसून पदरानं डोळे पुसायची. घरात पुन्हा माणूस बोलायला लागलं होतं.

आठवडासुद्धा नीट गेला नाही. बादशानं दूध तोंडात धरणं सोडलं. मग उलट्या, मग रक्ताची हगवण. सासरा-सून त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर रेणुका सविताला शेळ्यांमुळं चांगल्या ओळखत होत्या. त्यांनी पिल्लाचे ओठ वर करून बघितले.

"हे दोन महिन्यांचं नाही हो. फार लवकर तोडलंय आईपासून. आणि लस झालीच नसणार. हा पार्वो दिसतोय, पिल्लांचा जीव घेणारा साथीचा रोग." त्यांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "याची आई बघितली होती का?"

सवितानं नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही? सविताताई, तुम्ही आई न बघता जनावर घेतलंत?"

कुणी कानाखाली मारली असती तरी सविताला एवढं लागलं नसतं.

डॉक्टर रागावल्या नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "जो कुत्री नीट जोपासतो तो घरी बोलावतो, आई दाखवतो. उलट तुम्हालाच विचारतो, कुठं ठेवणार, कोण सांभाळणार? दोन महिन्यांच्या आत पिल्लू हातातून सोडत नाही. जो आई लपवतो ना, तो तिचे काय हाल केलेत तेच लपवत असतो."

दिवस मावळायच्या आत बादशानं चंद्रभानच्या मांडीवर जीव सोडला. म्हातारा रडलाही नाही. घरी येऊन ओसरीवर बसला आणि पुन्हा मुका झाला. यावेळी जेवा म्हटलं तरी जेवेना.

सवितानं बबलूला फोन लावला. तो म्हणाला, "मेलं? दुसरं देतो की ताई, फुकट. स्टँडावर या."

"स्टँडावर न्हाई. दोन घ्यायचीत मला. घरी येऊन बघते," ती खोटंच बोलली. गिऱ्हाईक दुप्पट झालं म्हटल्यावर त्यानं पत्ता दिला.

त्या पत्त्यावर गेली तर गावाबाहेर पत्र्याचं शेड. आत पिंजरे, अन् असा वास की उलटी यावी. बबलूनं दाखवलेल्या पिंजऱ्यात बादशाची माय आडवी पडलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, सड ओरबाडून लाल झालेले. सवितानं सवयीनं तिचे दात बघितले. अगं बाई! दातानं अजून तरुण, अन् अंगानं पार म्हातारी!

"हिला दोन वेतांच्या मधी काही दम खाऊ देता का न्हाई रे?"

"धंदा हाय ताई. माजावर आली की नर दाखवायचा." अन् त्यानं एक पिल्लू उचलून तिच्या हातात ठेवलं. बादशाचाच भाऊ. तसंच तिचं बोट चोखायला लागलं.

सविताचं काळीज हललं. हे नेलं तर म्हातारा आज जेवंल! इथं ठेवलं तर जगंल का तरी? पण हे नेलं तर बबलूचा धंदा चालतो हेच खरं झालं, अन् ही माय पुन्हा गाभण. तिनं पिल्लू मायीच्या पोटाशी ठेवलं. माय नुसती बघत राहिली. सविता बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला बसून हमसून हमसून रडली. मग डॉक्टर रेणुकांना फोन केला, पत्ता सांगितला, पोलिसांत तक्रारही दिली.

घरी तिनं सासऱ्याला सगळं सांगितलं. "मामा, रिकाम्या हातानं आले. माफ करा मला."

चंद्रभान फुटलाच! "आपण पण त्या मायीवर जुलूमच केला गं! आपणच पैसे दिले की त्याला!" अन् बायको गेली तेव्हाही रडला नव्हता तसा म्हातारा ओक्साबोक्शी रडला.

डॉक्टर पोलिसांना घेऊन शेडवर पोहोचल्या तेव्हा माय सापडली. तिला उपचारांना नेलं. पिल्लं मात्र तिथं नव्हती. कुणीतरी आधीच स्टँडावरून नेली होती. त्यांच्याही घरी आनंद झाला असंल, त्यांनीही लाडानं नावं ठेवली असतील.

मित्रहो, ते कुणीतरी म्हणजे आपणच. पिल्लू जरूर घ्या, पण विकणाऱ्याच्या दारात जा, मायीला डोळ्यांनी बघा, लसींची खात्री करा. माय दाखवत नसंल तर कितीही जीव तुटला तरी मागं फिरा. आपण विकत घेतो तोवर त्या मायीची सुटका नाही!