तिसरी मूठ

जळकोटच्या रस्त्यावरच्या त्या गावात ख्रिस्ती घरं अवघी अकरा, पण प्रत्येक घरात चुलीजवळ एक गाडगं ठरलेलं. त्याला म्हणायचे प्रभूचं गाडगं. सकाळी चूल पेटवायच्या आधी घरात जेवणारी तोंडं जितकी, तितक्या मुठी ज्वारी त्यात टाकायची. सुगी झाली की पहिल्या फळांच्या उपासनेला सगळी गाडगी चर्चमध्ये जायची, ज्वारीचा लिलाव व्हायचा आणि येईल तो पैसा चर्चला. आता देणाऱ्यांच्याही तऱ्हा असतात. कुणी देवाच्या धाकानं देई, कुणी पोराला नोकरी लागावी म्हणून, तर कुणी निव्वळ चारचौघांत आपलं नाव वाचलं जावं म्हणून. एका गृहस्थानं तर मागच्या साली स्वतः आणलेला भोपळा स्वतःच पाचशेला सोडवून घेतला होता.

साखराबाईचं तसं नव्हतं. मूठ म्हणजे माणसाची हजेरी, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. आम्ही इतकी जणं आहोत, आमच्यावर नजर असू दे, एवढं देवाला रोज कळवायचं. तिची आणि नवऱ्याची, दगडोबाची, अशा दोन मुठी ती कितीतरी वर्षं टाकत आली. मग उशिरानं पूनम झाली. तिनं पहिला घास खाल्ला त्या सकाळी साखराबाईनं तिसरी मूठ टाकली, आणि ती गल्लीभर सांगत सुटली.

ती पूनम बाविसाव्या वर्षी लिव्हरच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. शेवटचे चार दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पाचव्या सकाळी साखराबाईनं दोन मुठी टाकल्या आणि तिचा हात थबकला. मूठ जेवणाऱ्याची. न जेवणाऱ्याची टाकली तर देवाशी खोटं बोलल्यासारखं होईल. उभ्या जन्मात दाण्याचीही लबाडी न केलेली बाई ती. तिनं गाडग्यावर झाकण ठेवलं. दुपारी पूनम गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा तीन मुठी टाकू लागली, पण त्याचा आता काय उपयोग? आपल्याच हातानं आपण पोरीचं नाव हजेरीतून काढलं, हे तिच्या काळजात रुतून बसलं. सहा महिने ती कुणाशी बोलली नाही.

उपासनेच्या आदल्या संध्याकाळी पास्टर अमरनाथ घरी आले. दगडोबानं गाडगं उचलायला हात घातला, तशी साखराबाई गाडग्याला मिठी मारून बसली.

"ह्ये न्यायचं न्हाई. ह्यात पूनमची एक मूठ कमी हाय. म्या टाकली न्हाई, म्हणून गेली माजी लेक." मग तिनं सगळं सांगितलं.

पास्टर तरुण होते, मनानं चांगले. ते हळूच म्हणाले, "बाई, देव मुठी मोजत नसतो."

"मोजत न्हाई?" साखराबाईनं वर पाहिलं. "मंग इतकी वर्सं म्या रोज कुणाला मोजून दिलं, साहेब?"

 

तेव्हा दगडोबा गाडग्यावर हात ठेवून म्हणाला, "कमी न्हाई ती. तू दोनच टाकल्यास त्ये म्या पाह्यलं हुतं. तू पोरीचं तोंड पुसाया गेलीस, तवा तिसरी म्या टाकली."

साखराबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग पूनम गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोकळेपणानं रडली. रविवारी गाडगं चर्चमध्ये गेलं.

सोमवारी सकाळी ती रिकाम्या गाडग्यापुढं बसली. दोन मुठी टाकल्या. तिसरीला हात उचलेना. पाठीमागून दगडोबा आला.

"थांब. आज बी म्याच टाकतो."

त्यानं पोत्यातून मूठ भरली आणि गाडग्यात रिकामी केली. गाडग्याचं तोंड लहान आणि पुरुषाचा हात बिनसवयीचा. निम्मी ज्वारी खाली सांडली, चुलीजवळच्या कोपऱ्यात पसरली.

साखराबाईला पूनम गेली ती दुपार आठवली. पूनमचा देह ठेवायला हाच कोपरा तिनं स्वतः झाडून काढला होता. तिथं एक दाणा सापडला नव्हता. म्हणजे ह्या माणसानं त्या दिवशी मूठ टाकलीच नव्हती. ज्यानं बाजारातसुद्धा कधी खोटं सांगितलं नाही, तो तिच्यासाठी पास्टरांसमोर, देवाच्या गाडग्यावर हात ठेवून खोटं बोलला होता.

तिला राग आला नाही. खाली वाकून ती एक एक दाणा वेचू लागली आणि गाडग्यात टाकू लागली.

"बराबर झाली का मूठ?" दगडोबानं विचारलं.

"हाव," ती म्हणाली, "त्या दिवसासारखीच झाली."