देवमनच्या मांडीतला तुकडा

मी बोलतोय. आवाज बारीक येईल, कारण मी देवमनच्या उजव्या मांडीत, गुडघ्याच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला रुतून बसलो आहे. मी तोफगोळ्याचा एक तुकडा. चिंचोक्याएवढा असेन. अंग लोखंडाचं असलं तरी काळीज उंदराचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. जन्मल्यापासून मी कशाला ना कशाला भीतच आलोय आणि आज तर माझी पार बोबडी वळली आहे. तेव्हा सांगताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा कारखाना सरहद्दीच्या पलीकडचा. तिथं मला कोणी तुकडा म्हणत नव्हतं. मी एका अख्ख्या गोळ्याचा भाग होतो आणि सुखात होतो. १९७१च्या डिसेंबरात एका सकाळी त्या गोळ्याला उखळी तोफेत टाकलं आणि आम्ही आभाळात गेलो. खाली उसाचे फड होते, कोवळा गहू होता. मला कोणाचाही राग नव्हता. पण गोळा फुटला आणि मी एकटा पडलो. समोर एकवीस वर्षांचा एक शिपाई आडवा होऊन बंदूक भरत होता. मी भीतीनं डोळे मिटले आणि त्याच्या मांडीत शिरलो.

तो देवमन. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातला. त्या दिवसापासून आमचं बिऱ्हाड एकच.

त्याला मलमपट्टीच्या तंबूत नेलं. डॉक्टर एकच होता आणि तो हातपाय गेलेल्यांमध्ये गुंतला होता. देवमनकडं आला तो नर्सिंग असिस्टंट पंजाबराव, बाळापूरचा. एवढ्या लांब वऱ्हाडातला माणूस भेटला म्हणून देवमनला दुखण्यातही बरं वाटलं. पंजाबरावानं जखम धुतली, बोटानं चाचपून मला ओळखलं, पट्टी बांधली आणि जखमींचं रजिस्टर ओढून पेन्सिल उचलली. देवमननं त्याचा हात धरला.

"माहं नाव लिहू नोको."

"काहून?"

"नाव लिहिलं की घरी तार जाते. तार गेली त माही माय मरन."

हे बोलणं दुसऱ्या कोणाला वेडेपणाचं वाटलं असतं. पण त्या काळी खेड्यात तार म्हणजे मरणाचीच बातमी. ती वाचून पाहायला कोणी थांबत नसे. देवमनच्या शेजारच्या गोदाबाईचा मुलगाही फौजेत होता. पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती, तेव्हा तिच्या दारी तार आली. इंग्रजी वाचणारा गावात कोणी नव्हता. तारवाला कागद देऊन निघून गेला आणि बायांनी रडणं सुरू केलं. गोदाबाई उंबऱ्यातच कोसळली, ती पुन्हा उठली नाही. संध्याकाळी मास्तर आले, त्यांनी तार वाचली. मुलाची सुट्टी मंजूर झाली होती. देवमननं पंधराव्या वर्षी हे डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याची आई जयवंता गोदाबाईपेक्षाही घाबरट होती.

पंजाबरावानं हात सोडवून घेतला. मग त्यानं पेन्सिल कानाला लावली आणि पुढच्या खाटेकडं गेला. रजिस्टरमध्ये देवमनचं नाव चढलं नाही. तार गेली नाही. जयवंता जगली. आणि लढाईत जखमी झालेल्यांना मिळतं ते पदकही देवमनला मिळालं नाही, कारण कागदावर तो जखमी झालाच नव्हता. पुढं फौजेतून सुटला तेव्हा त्याच्या डिस्चार्ज बुकात जखमांच्या रकान्यात लिहून आलं, निल, म्हणजे काही नाही.

लढाई संपल्यावर तो सुट्टीवर गावी आला तो लंगडतच. आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गाडीवरून पडलो." जयवंताला ते पटलं. गावालाही पटलं, फक्त गावानं त्यात आपल्या पदरचं थोडं घातलं. फौजेत रम मिळते हे सगळ्यांना ठाऊक. महिन्याभरात गोष्ट अशी झाली की देवमन दारू पिऊन गाडीवरून पडला.

मी त्याच्या रक्तात बसलेलो. दारूचा थेंबही कधी माझ्याजवळून गेला नाही. छप्पन सालापासून त्याच्या घरात पंचशील म्हटलं जातं. पौर्णिमेला विहारात सगळे एका सुरात म्हणत, आणि दारू न पिण्याचं पाचवं शील आलं की दोनचार माना हळूच देवमनकडं वळत. तेव्हा त्याची मांडी आवळली जायची आणि मला श्वास घेता यायचा नाही. आईसमोर खरं बोलता येईना. जयवंता चांगली नव्वदीपर्यंत जगली. तोवर खरं सांगायची वेळ निघून गेली होती. तीस वर्षांनी सांगणार कोणाला, आणि डिस्चार्ज बुकात तर निल.

त्याची बायको ललिता. लग्न झाल्यापासून ती रोज संध्याकाळी त्याचा पाय तेलानं चोळायची. पहिल्याच महिन्यात तिच्या अंगठ्याला मी लागलो. अंगठा थबकला, माझ्या भोवती एकदा फिरला आणि बाजूला झाला. त्यानंतर ती मला वळसा घालूनच तेल लावायची. तिची बोटं थरथरायची ते मला कळायचं. का थरथरतात ते कळत नव्हतं. मी तिला भ्यायचो आणि ती मला. देवमनला वाटायचं, हिला काही माहीत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी दीपमाला. शाळेत पोरी तिला "गाडीवरून पडल्याची पोरगी" म्हणून चिडवत. ती घरी येऊन कधी रडली नाही, पण बाप शाळेत आला की दुसऱ्या दारानं निघून जायची. आता ती अकोल्याला शिक्षिका आहे.

मागच्या वर्षी देवमनच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. अमरावतीच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला. दीपमाला सुट्टी काढून आली, ललिताही सोबत निघाली. तिथल्या माणसानं फॉर्म भरायला घेतला.

"अंगात काही धातू? स्क्रू, पट्टी, छर्रा?"

"काही नाही," दीपमाला म्हणाली. "फौजेतले होते, पण त्यांच्या बुकात जखम निल हाय. मी पाह्यलं."

"नक्की ना? आत मोठं लोहचुंबक आहे. लोखंड असलं तर ओढलं जातं."

देवमननं घड्याळ काढलं. अंगठी काढली, पट्टा काढला, करदोटासुद्धा काढला. मी आत किंचाळत होतो. अरे, मला काढायचं राहिलं. पण त्रेपन्न वर्षं जे बोलला नाही, ते लेकीसमोर असं अचानक त्याच्या तोंडून निघेना. त्यालाही दरदरून घाम फुटला होता, तो माझ्यापर्यंत पोचत होता.

दार उघडलं. तो दोन पावलं आत गेला आणि मला कोणीतरी बोलावलं. तसली ओढ मला जन्मात माहीत नव्हती. एवढ्या वर्षांत मी केसभर हललो नव्हतो, तो मी जागच्या जागी वळलो. माझं एक टोक मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेलं आहे. आणखी दोन पावलं, की ती फाटली असती. मला तोंड नाही, मला फक्त टोचता येतं. मी जीव खाऊन टोचलो.

देवमननं मांडी दाबून धरली. "थांबा," तो म्हणाला. "माह्या मांडीत गोळ्याचा तुकडा हाय."

त्याला ओढूनच बाहेर आणलं. बाकावर बसून त्यानं सगळं सांगितलं, तार, गोदाबाई, पंजाबराव. सांगून झालं तशी ललिता तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"मले वाटलं कॅन्सरची गाठ हाय," ती म्हणाली. "मोर्शीच्या माह्या काकूच्या गाठीले सुरी लावली अन् काकू दोन महिन्यात गेली. म्हनून मी बोलली नाही. बोलली त तुमी दवाखान्यात जासान, ते कापतीन. रोज पाहू, वाढली का, वाढली का."

तेव्हा मला त्या बोटांची थरथर समजली. पन्नास वर्षं ती मला मोजत होती आणि मी वाढत नव्हतो, एवढंच तिचं सुख.

"शाळेत पोरी म्हनत, तवा मी भांडत नव्हती, बाबा," दीपमाला म्हणाली. "मले वाटे, खरंच असन."

त्याच आठवड्यात तिनं अर्ज लिहिला. वडिलांच्या नोंदीत जखम चढवावी, राहून गेलेलं पदक द्यावं. सोबत माझा एक्सरे. त्यात मी पांढरा ठिपका दिसतो. देवमनला पदकाची हौस नव्हती. त्याला तो रकाना भरलेला हवा होता. विहारात नेऊन दाखवायचा होता.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. त्या तारखेचा जखमी झाल्याचा अहवाल उपलब्ध नाही. मांडीतला धातू कधीचा आणि कशाचा, हे एक्सरेवरून सांगता येत नाही. त्या वेळचा साक्षीदार असल्यास त्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं.

साक्षीदार एकच. देवमन बाळापूरला गेला. पंजाबराव आता ऐंशीला टेकलेला, डोळ्यांनी अधू. सगळं ऐकून तो घाबरला. नाव मुद्दाम लिहिलं नाही असं लिहून द्यायचं म्हणजे स्वतःची कसूर कबूल करायची. त्याची सून वर्षाली चहा ठेवता ठेवता म्हणाली, "काका, आबाची पेन्शन बंद केली त या वयात कोनाच्या दारी जातीन?" पंजाबराव "पाहतो" म्हणाला. आमच्याकडं "पाहतो" म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

पंधरा दिवस गेले. मग त्याचाच फोन आला. "अकोल्याले ये. कोर्टापाशी."

झाडाखालच्या टेबलावर टायपिंग झालं. सही करायच्या आधी पंजाबरावानं विचारलं, "माय किती जगली बे?"

"नव्वद."

"मंग मी बराबर केलं होतं. आता काय करतीन ते करो." डोळ्यांना रेघ दिसेना, सहीला तीन ओळी लागल्या.

त्या कागदानंतर बोलावणं आलं. लष्करी दवाखान्यात वैद्यकीय मंडळापुढं हजर राहावं. सोबत एक संमतिपत्र होतं. "गरज वाटल्यास तुकडा काढून तपासण्यास माझी हरकत नाही." खाली सहीची रेघ.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तर आधीच बजावलं होतं की याला हात लावू नका. वय पंचाहत्तर, अंगात साखर, आणि तुकडा रक्तवाहिनीला टेकलेला. काढायला गेलं तर माणूस टेबलावरच राहायचा. देवमननं पेन मागितला.

"नाही," ललिता म्हणाली.

"अव, नाही काढला तरी निंगनच. मी मेलो की राखेत सापडन. तवा दीपमालाले सांगजो, डबीत घालून पाठव त्याइले."

ललितानं तो कागद उचलला, जमिनीवर ठेवला आणि वर पाट टाकून बसली. "दारुड्याची बायको म्हनत, ते मी पन्नास वर्ष आयकलं," ती म्हणाली. "आनखी पन्नास वर्ष आयकीन. दुसरं काही म्हनलेलं मले आयकवनार नाही." दुसरं म्हणजे काय, ते तिनं उच्चारलं नाही. ती चुलीकडं उठली तेव्हा देवमननं कागद घडी करून खिशात घातला.

आज आम्ही मंडळाच्या खोलीबाहेर बाकावर बसलो आहोत. संमतिपत्र देवमनच्या खिशात आहे, अजून कोरं. आत विचारतील तेव्हा सही करायची की नाही, हे त्यानं ललितालाही सांगितलेलं नाही. मलाही सांगितलेलं नाही. माझ्यावर तळवा दाबून तो बसलाय आणि तळवा गार पडला आहे. पलीकडं ललिता दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली आहे. दीपमाला फाईलमधले कागद पुन्हा पुन्हा खालीवर करते आहे.

मला फार भीती वाटते. आलो होतो याला मारायला, ते तेव्हा जमलं नाही. ते काम आज, इतक्या वर्षांनी, याच्याच सहीनं माझ्याकडून होऊ नये. बाहेर निघालो तर मी पुरावा होईन, पण मग तो दाखवायला कोण उरेल?

त्याचं नाव पुकारलं. तो उठला. मला टोचायचं नव्हतं, तरी उठताना मी टोचलोच.

डॉक्टरसाहेब, सुरी राहू द्या. इथं बोट ठेवा, मी लागेन तुम्हाला. आणि मग त्याला खुर्ची द्या आणि विचारा, त्या दिवशी काय झालं होतं? त्रेपन्न वर्षांत एकाही साहेबानं त्याला ते विचारलेलं नाही.